माळ, मेंढरे आणि लांडगा

सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरले की पाऊस एकदम ओसरतो. माण, जत, सांगोला, इंदापूर, कर्जत या तालुक्यांत वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी साल बरे गेले म्हणतात. जमीन मुरमाड, वीतभर खाली खडक. तिच्यावर झाडी माजत नाही, पण गवत तग धरते. कुसळी, पवना, मारवेल ही गवते आणि अधूनमधून एखादी बोर, हिवर किंवा बाभूळ. भारतीय लांडग्याचे महाराष्ट्रातले खरे घर हे माळरान आहे आणि माणसाशी त्याचा जो काही संबंध आला तो इथेच, मेंढरांच्या निमित्ताने आला. वाघाला दाट जंगल असते, बिबट्याला निदान उसाचा फड तरी सापडतो. लांडग्याच्या वाट्याला आडोसा म्हणून ओढ्याची घळ, बांधावरचे झुडूप आणि माणसाची झोप एवढेच येते. माणसापासून दूर राहणे त्याला कधीच परवडलेले नाही.

युरोप-अमेरिकेच्या चित्रांतला भरघोस केसांचा, बर्फात उभा असलेला लांडगा इथे दिसत नाही. दख्खनचा लांडगा अंगाने सडसडीत, पायांनी उंच आणि आखूड केसांचा. वजन साधारण १८ ते २५ किलो, म्हणजे चांगल्या पोसलेल्या गावठी कुत्र्यापेक्षा फार अधिक नाही. रंग वाळलेल्या गवताचा, पाठीवर काळपट झाक आणि पाय फिकट. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा या लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ तो जगभरच्या करड्या लांडग्याचा एक किरकोळ प्रकार समजला गेला. २००४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासांनी ही समजूत बदलली. भारतीय लांडग्याची शाखा लांडग्यांच्या आजच्या जिवंत शाखांपैकी अतिशय जुनी आणि इतरांपासून फार पूर्वी वेगळी झालेली आहे, असे त्यांतून दिसले.

माळावरचे लोक त्याला ओळखतात, पण गावात आणि वर्तमानपत्रात त्याची सरमिसळ सर्रास होते. उसातून पळालेले खोकड, रात्री रस्त्यावर दिसलेले तरस, ओरडणारा कोल्हा या सगळ्यांचा लांडगा होऊ शकतो. तरसाचा पुढचा भाग उंच आणि मागचा खाली उतरलेला असतो, अंगावर पट्टे असतात. कोल्हा लांडग्यापेक्षा बराच लहान. खोकड तर जेमतेम मांजराहून मोठे, शेपटीचा गोंडा काळा. ही ओळख नुसत्या हौसेची नाही. मेंढरू कोणी मारले यावर सरकारी भरपाई ठरते, आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळीने पाडलेल्या कितीतरी शेळ्या लांडग्याच्या नावावर जमा होतात.

लांडगा टोळीने राहतो, पण इथली टोळी लहान असते. बहुतेक वेळा एक जोडपे, त्यांची यंदाची पिल्ले आणि गेल्या वर्षीचे एखाददुसरे वाढलेले पिल्लू. पावसाळा संपला की जोड्या लागतात आणि सुमारे ६२ दिवसांनी, म्हणजे हिवाळ्यात, मादी विते. त्यासाठी ती ओढ्याच्या काठाला बीळ उकरते किंवा साळिंदराचे नाहीतर खोकडाचे जुने बीळ रुंद करून घेते. पिल्लांचे डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. या काळात जवळ माणसाचा वावर वाढला, कोणी बिळाच्या तोंडाशी येऊन गेले, की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या जागी नेऊन ठेवते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या परिसरात अशा स्थलांतराचा तपशीलवार अभ्यास झाला आहे. शेती, चराई आणि रस्ते यांच्या मधोमध राहणाऱ्या मादीला पिल्ले वाढवताना जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याचे नैसर्गिक भक्ष्य काळवीट, चिंकारा, ससा आणि उंदीर. पण काळवीट आता मोजक्या ठिकाणी उरले आणि चिंकारा त्याहून कमी. त्यामुळे महाराष्ट्राच्या बहुतेक माळांवर लांडग्याचे पोट शेळ्यामेंढ्यांवर चालते. ही गोष्ट लपवून त्याची बाजू मांडणारे लेखन बरेच होते आणि ते माळावरच्या माणसाला पटत नाही, कारण त्याचे कोकरू गेलेले असते.

मेंढरू नेण्याची रीत मेंढपाळांच्या तोंडी ठरलेली आहे. वेळ दिवेलागणीची किंवा पहाटेची. कळप ओढ्याच्या कडेने निघालेला असतो. एक लांडगा समोरच्या चढावर उघडा दिसतो, जरा थांबतो, पुन्हा चालतो. कुत्री त्याच्यावर धावतात, मागून काठी घेऊन माणूस धावतो. तेवढ्यात उलट्या बाजूच्या घळीतून दुसरा येतो, कडेचे मेंढरू गळ्याला धरतो आणि खाली ओढतो. कोकरू असेल तर उचलूनच नेतो. मेंढरे ओरडत नाहीत, नुसती एकमेकांत घुसतात आणि धुरळा उठतो. ओरडण्याचा आवाज माणसाचा असतो. कळप मोजल्यावर एक कमी भरते, आणि कधी कधी तेही दुसऱ्या मुक्कामावर गेल्यावरच कळते.

धनगरांची राखण याच अनुभवातून घडली आहे. दसरा-दिवाळीनंतर फलटण, माण, बारामती, इंदापूर या भागातले वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही नदीकाठच्या बागायतीकडे वळतात. शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसा. रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर उभी केली जाते. लहान कोकरे डालग्याखाली किंवा बिऱ्हाडाजवळ ठेवतात, कुत्री चारी अंगांना, आणि पुरुष घोंगडी अंथरून कळपाच्या कडेला झोपतात. झोपतात हा शब्द सैल अर्थाने घ्यायचा. बायका तिन्हीसांजेला कोकरांना त्यांच्या त्यांच्या आयांखाली पाजून मोजून आत घेतात, आणि ही मोजणी हाच राखणीचा कणा आहे. चांगल्या वाड्यावर लांडगा महिनोन् महिने हात हलवत परत जातो. नुकसान होते ते राखण अपुरी असेल तिथे: एकटा म्हातारा नाहीतर शाळकरी पोर राखणीला, कुत्री कमी, किंवा गावाजवळच्या चार-सहा शेळ्या उघड्या गोठ्यात. लांडगा एकदा बंदिस्त आवारात शिरला तर एका रात्रीत खाण्यापुरत्यापेक्षा जास्त जनावरे मारून टाकतो, आणि लोकांच्या आठवणीत त्याची हीच रात्र राहते.

तरीही धनगराचे लांडग्याशी निव्वळ वैर आहे असे म्हणता येत नाही. वर्षाला एखाददुसरे मेंढरू जाणे हा धंद्याचाच भाग, तो लांडग्याचा वाटा, असे मानणारे मेंढपाळ आजही भेटतात. काही जण त्याला मारणे अशुभ समजतात. त्याच समाजात बिळाच्या तोंडाशी पालापाचोळा पेटवून पिल्ले धुराने गुदमरवणारेही आहेत, आणि मेलेल्या मेंढरावर विषारी औषध टाकणारेही. दोन्ही वागणुकी खऱ्या आहेत. कधी कधी त्या एकाच माणसाच्या असतात, आणि त्या वर्षी किती कोकरे गेली यावर कोणती पुढे येईल ते ठरते. वाघोबाची ठाणी गावोगाव आहेत. लांडग्याच्या वाट्याला तसे देवपण आलेले नाही. धनगरांच्या खंडोबाजवळ कुत्रा असतो, लांडगा नसतो.

साहित्यात मात्र तो फार जुना आहे. ऋग्वेदात ऋज्राश्वाची कथा येते. त्याने लांडगीला शंभर मेंढे खाऊ घातले म्हणून बापाने त्याला आंधळे केले. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला दृष्टी परत दिली, आणि एका सूक्तानुसार त्यासाठी अश्विनीकुमारांना हाक मारली ती लांडगीनेच. कळपाचा मालक, त्याचा दयाळू मुलगा आणि भुकेली मादी असा हा तिढा आहे, आणि सूक्तकार मालकाच्या बाजूने उभा राहत नाही, हे नजरेत भरते. महाभारतात भीमाला वृकोदर म्हटले आहे, ते त्याच्या भुकेवरून. मराठी मुलांना भेटणारा लांडगा मात्र बहुतांशी इसापाचा. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी इसापनीतीच्या कथा १८२८ मध्ये मराठीत आणल्या, आणि झऱ्यावर कोकराशी भांडण उकरून काढणारा लांडगा, ‘लांडगा आला रे आला’ म्हणणारा पोरगा हे पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोचले. साइक्सने दख्खनच्या लांडग्याचे वर्णन केले ते त्यानंतर तीनच वर्षांनी, पण त्याची माहिती पाठ्यपुस्तकात कधी आली नाही. मराठी वाचकाला ग्रीसचा लांडगा पाठ आणि पुरंदरचा अनोळखी, ही स्थिती फारशी बदललेली नाही.

इंग्रजी अमदानीत लांडग्याचा प्रश्न प्रशासनाने हाती घेतला. मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस ठरले आणि शेपटी किंवा कातडे दाखवून पैसे मिळू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात या बक्षिसांपायी लाखाच्या वर लांडगे मारले गेल्याच्या नोंदी आहेत. बक्षिसाच्या नोंदींत कोल्ह्याची कातडीही खपून गेली असणार, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा. एवढे मात्र नक्की की लांडग्याला उपद्रवी जात ठरवून सरकारी खर्चाने मारण्याची कल्पना त्या काळात इथे रुजली. मेंढपाळ लांडगा मारत असे तो आपल्या कळपापुरता, तर सरकारला त्याचा प्रांत मोकळा हवा होता. त्याच प्रशासनातल्या लोकांना लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या गोष्टींचेही मोठे आकर्षण होते. कर्नल स्लीमनने अशा गोष्टी १८५२ मध्ये छापल्या. १८६७ मध्ये बुलंदशहराजवळ सापडलेला मुलगा आग्र्याजवळच्या सिकंदरा येथील मिशनच्या अनाथाश्रमात ठेवला गेला. किप्लिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आले आणि त्यातले लांडगे सिवनीच्या जंगलातले होते. मिदनापूरच्या कमला आणि अमला या मुलींची १९२० च्या दशकातली कथा तर जगभर मानसशास्त्राच्या पुस्तकांत शिरली. पुढे तपास करणाऱ्यांनी ती रचलेली असल्याचे दाखवले, तरी ती पुस्तकांतून अजून पुरती गेलेली नाही.

लांडगा माणसावर हल्ला करतो का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. पिसाळलेला लांडगा कोणालाही चावतो, ती गोष्ट वेगळी. पण उत्तर भारतात लहान मुले उचलून नेण्याच्या मालिका घडल्या आहेत आणि त्या अफवा म्हणून उडवून लावता येत नाहीत. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात सुलतानपूर, प्रतापगड, जौनपूर या भागांत ७० हून अधिक मुलांवर हल्ले झाले आणि त्यांतली बहुतेक दगावली. वन्यजीव अभ्यासक यादवेंद्रदेव झाला आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिथे जाऊन केलेल्या तपासात हे काम लांडग्याचेच असल्याचे आढळले. त्याच काळात गावांत ‘मनई’ नावाच्या, माणसाचे रूप घेणाऱ्या प्राण्याची बोलवा उठली होती आणि संशयावरून निरपराध अनोळखी माणसांना जमावाने मारले. २०२४ च्या पावसाळ्यात बहराइच जिल्ह्यात पुन्हा मुले दगावली आणि वनखात्याने पिंजरे, ड्रोन लावून लांडगे पकडण्याची मोहीम काढली. या घटनांत काही गोष्टी समान दिसतात: वस्ती दाट आणि गरीब, घरांना दारे नाहीत, मुले अंगणात झोपलेली, जंगली भक्ष्य जवळपास संपलेले. अशा जागी एखादी टोळी किंवा एकटा लांडगा मुलांना भक्ष्य समजू लागतो आणि बाकी सगळ्या लांडग्यांवर त्याची शिक्षा येते.

दख्खनच्या माळावर अलीकडच्या काळात अशी मालिका घडलेली नाही. धनगरांची मुले वाड्यावर उघड्यावरच झोपतात, तीही लांडग्यांच्या ऐन वावरात. फरक कदाचित राखणीचा असावा. वाड्यावर कुत्री जागी असतात, मोठी माणसे हाताच्या अंतरावर असतात आणि लांडग्याला काठीचा धाक पिढ्यानपिढ्या ठाऊक असतो.

या गोष्टीतला कुत्रा हा तिसरा पक्ष आहे. कुत्रा लांडग्याच्याच वंशातून आला. किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी, आज नामशेष झालेल्या कुठल्यातरी लांडग्यांच्या समूहापासून तो माणसाजवळ आला आणि पुढे त्यालाच लांडग्यावर सोडण्यात आले. धनगरी कुत्र्यापासून लांडग्याला फारसा धोका नाही, ती मारामारी बरोबरीची असते. धोका आहे तो गावाबाहेरच्या कचऱ्यावर आणि कोंबड्यांच्या शेडमागे टाकलेल्या मेलेल्या पिलांवर वाढलेल्या मोकाट कुत्र्यांपासून. त्या उकिरड्यावर लांडगाही येतो. तिथून त्याला रेबीज आणि डिस्टेंपर लागतो, आणि जोडीदार न मिळालेला लांडगा कुत्रीशी जमतो. पुण्याजवळ दिसलेल्या एका पिवळसर तांबूस प्राण्याच्या जनुकीय तपासणीतून तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. लांडग्यांची संख्या जितकी विरळ, तितकी ही शक्यता जास्त. विष आणि धूर टोळीतले काही जीव मारतात, संकर मात्र जातच पातळ करतो.

संख्येचा अंदाज बांधणे अवघड आहे, कारण लांडग्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे नसतात आणि त्याचा बहुतेक वावर अभयारण्यांबाहेर असतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील लांडग्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून, आवाजावरून एकेक लांडगा ओळखता येतो का हे तपासले आहे, आणि ही वाट आशादायक दिसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात हे लांडगे ३ हजारांहून थोडेसे जास्त आहेत. त्याच वर्षीच्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ होता. म्हणजे गावकुसाबाहेर सहज दिसणारा, वर्षानुवर्षे उपद्रवी समजला गेलेला हा प्राणी वाघापेक्षाही विरळ असण्याची शक्यता आहे.

कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीत बसवले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. पण कायदा प्राण्याला वाचवतो, जमिनीला वाचवत नाही. ज्या जमिनीवर महसूल नाही ती पडीक, ही इंग्रजी महसूल खात्याची व्याख्या पुढे जशीच्या तशी चालत आली, आणि माळ, गायरान, बरड ही सगळी सरकारी कागदावर पडीक जमीन झाली. पडीक म्हणजे कामात आणण्याजोगी. मग कॅनॉल आला की तिथे ऊस येतो, औद्योगिक वसाहत येते, प्लॉट पडतात, सौर पट्ट्या बसतात. यांतले काही होत नसेल तर वृक्षारोपण होते. माळावर चर खणून ग्लिरिसिडिया लावणे हे वर्षानुवर्षे हरित काम म्हणून गणले गेले, आणि कुसळी-पवन्याचे कुरण त्याखाली गेले. चांगल्या हेतूने लांडग्याचे एवढे नुकसान दुसऱ्या कशाने झालेले नसेल.

संरक्षित क्षेत्रे आहेत, पण त्यांचा आकार पाहावा. बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य सुमारे ५ चौरस किलोमीटरचे आणि कर्जतजवळचे रेहेकुरी सुमारे २ चौरस किलोमीटरचे. लांडग्याच्या एका टोळीचा फिरता मुलूख शंभर-दोनशे चौरस किलोमीटर असतो. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी झाले, तेव्हा त्याची हद्द ८ हजार चौरस किलोमीटरहून मोठी आखली होती. तिच्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले, लोक चिडले, आणि पुढे ती बरीच आवळावी लागली. माळढोक तिथून जवळजवळ गेला, लांडगा टिकून आहे. केवळ लांडग्यासाठी राखलेले झारखंडमधील महुआडांड अभयारण्य १९७६ पासून आहे, पण ते सालवनाच्या प्रदेशात येते, माळाच्या लांडग्याला त्याचा उपयोग नाही. दोनशे चौरस किलोमीटर माळ माणसे काढून राखणे महाराष्ट्रात शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. लांडगा चरणाऱ्या मेंढरांच्या मागेच जगत आला आहे. चराई बंद केलेल्या, कुंपण घातलेल्या क्षेत्रात गवत वाढेल, पण लांडग्याचे अन्न आणि त्याच्या सवयीचा माणूस दोन्ही कुंपणाबाहेर राहतील.

म्हणून या प्रश्नाचा खरा भार मेंढपाळावर पडतो. पूर्वी लोकरीसाठी पाळली जाणारी दख्खनी मेंढी आता मटणासाठी वाढवली जाते आणि माडग्याळसारख्या जातीच्या एका नराला मोठी किंमत येते. त्यामुळे लांडग्याचा वाटा सोसण्याची ताकद पूर्वीइतकी राहिलेली नाही. भरपाईची सरकारी योजना आहे, पण ती एका जागी राहणाऱ्या माणसासाठी आखलेली आहे. ठराविक मुदतीत खबर द्यायची, मेलेले जनावर हलवायचे नाही, वनरक्षक येऊन पंचनामा करेपर्यंत थांबायचे. वाडा मात्र सकाळी हलतो, कारण पुढच्या रानाचा सौदा झालेला असतो. लांडग्याने नेलेले कोकरू तर पंचनाम्याला उरतच नाही. परिणामी ज्याचे नुकसान सर्वात जास्त तो भरपाईच्या यादीत सर्वात कमी दिसतो.

करण्याजोगी कामे अवघड नाहीत. फिरत्या वाड्यांसाठी भरपाईचा अर्ज कोणत्याही तालुक्यात घेता यावा आणि छायाचित्रावर पंचनामा चालावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ज्ञात बिळांच्या आसपास चर खणणे आणि खोदाई थांबवावी, आणि बिळावर लक्ष ठेवण्याचे काम मोबदला देऊन त्याच रानातल्या मेंढपाळाकडे सोपवावे. गावांच्या कडेला मेलेली जनावरे उघडी टाकणे बंद व्हावे आणि मोकाट कुत्र्यांना लस टोचली जावी. आणि माळाची सरकारी दफ्तरातली पडीक ही नोंद बदलून ती कुरण अशी व्हावी, त्याशिवाय बाकीच्या कामांना पायाच मिळत नाही.